बहिणीला नको म्हटलेलं घर

आमच्या कार्यालयात कुणाला घर घ्यायचं असलं की तो आधी माझ्या टेबलाशी येतो. जमिनीच्या कागदपत्रांत माझी सव्वीस वर्षं गेली. सातबाऱ्यावर काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय, ते मला चटकन दिसतं. पण लोक मला बरोबर नेतात ते तेवढ्यासाठी नाही. मी घर बघायला लागलो की बिल्डरचा माणूस गप्प होतो, अशी माझी ख्याती आहे. मी स्वतःचा टेप खिशात घेऊन जातो आणि खोल्या मोजतो. नळ सोडून बघतो, तोही सगळ्यात वरच्या मजल्यावरचा. निघताना वॉचमनच्या बायकोशी दोन शब्द बोलतो. मे महिन्यात टँकर येतो की नाही, हे रंगीत माहितीपत्रकात छापलेलं नसतं, तिला मात्र पक्कं ठाऊक असतं. कुणाला दुसरं घर गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर त्याला मी म्हणतो, आधी भाव विचारू नका. संध्याकाळी सातला जाऊन इमारतीसमोर उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे लागलेत ते बघा. निम्म्या खिडक्या अंधारात असतील तर भाडेकरू मिळायची वाट बघत बसाल.

हे मी कुणालाही सांगतो आणि आवडीने सांगतो. फक्त माझ्या बहिणीच्या घराची गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आम्ही दोघंच भावंडं. वडील नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते, त्यामुळे आमचं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड आणि दोरीवरच्या कपड्यांवर रोज बसणारी बारीक राख. ते घर आपलं नाही, हे आम्हाला लहानपणी समजतच नव्हतं. वडील निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची नोटीस आली, तेव्हा बहीण दहावीत होती. आम्ही शहरातल्या उपनगर नावाच्या वस्तीत भाड्याच्या जागेत आलो. सामान टेम्पोत चढवताना ती आईला म्हणाली, "पेरूचं झाड कुणाला द्यायचं?" आई दोरीवरचे कपडे काढत राहिली.

पुढे मी नोकरीला लागलो, लग्न झालं, जेल रोडला फ्लॅट घेतला. आईवडील माझ्याकडेच होते आणि तिथेच एकामागोमाग गेले. बहिणीचं लग्न नामपूरकडच्या एका शिक्षकाशी झालं. ते टिकलं नाही. लेक चार वर्षांची असताना ती नाशिकला परत आली. माझ्याकडे राहायला नको म्हणाली. नाशिक रोडच्या एका खाजगी शाळेत तिला नोकरी लागली आणि शाळेजवळच तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शाळा झाल्यावर ती शिकवण्या घ्यायची. कुणाकडे हात पसरायचा नाही, हा तिचा स्वभाव वडिलांसारखा.

अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक काहीतरी कारण काढायचा. कधी त्याच्या मुलाचं लग्न ठरलेलं असायचं, कधी रंग द्यायचा असायचा. एकाने तर तिचं आडनाव नीट विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जागा दुसऱ्याला दिली आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा सामान हलवल्यावर ती मला म्हणाली, "दादा, आता मला स्वतःचं घर बघायचंय. लहान चालेल, वन बीएचके. पण माझ्या लेकीला पुन्हा खोके भरायला लावणार नाही. तू बरोबर येशील ना?"

"म्हणजे काय! मी नाही तर कोण येणार?" मी म्हणालो.

मग आमचे रविवार सुरू झाले. सकाळी नऊला ती भाचीला घेऊन यायची. माझी बायको तिघांना पोहे द्यायची आणि आम्ही स्कूटरवरून निघायचो. विहितगाव झालं, चेहेडी झाली, दसक-पंचक झालं, पार आडगावपर्यंत जाऊन आलो. खरं सांगायचं तर मला त्या रविवारांची मजा वाटायची. मी खोल्या मोजायचो, भाची टेपचं दुसरं टोक धरायची आणि बहीण वही घेऊन लिहायची. दारणा नदीच्या काठाला एक सुंदर घर होतं, ते मी पूररेषेमुळे नाकारलं. एका इमारतीचा पार्किंगचा नकाशा आणि प्रत्यक्षातलं पार्किंग जुळेना. एकीकडे जमिनीवर तीन भावांचा वाद चालू होता. हे सगळे नकार बरोबर होते, आजही मी ते देईन. बहिणीचा माझ्यावर इतका विश्वास होता की मी मान हलवली की ती वही मिटायची आणि जिना उतरायला लागायची. मला कारणही विचारायची नाही.

जवळपास वर्षाने ते घर दिसलं. जेल रोडच्याच मागच्या बाजूला, तिच्या शाळेपासून पायी पंधरा मिनिटांवर, तिसरा मजला. बिल्डरकडचा शेवटचा वन बीएचके होता. मोठ्या खोलीला पूर्वेची खिडकी. ती उघडली आणि समोर शेतांच्या पलीकडे एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसल्या.

"अगं बाई!" बहीण एवढंच म्हणाली. मग लेकीला जवळ ओढून बोट दाखवत सांगायला लागली. तिथे आजोबा कामाला जायचे, मामा आणि मी त्याच्या अलीकडे राहायचो, शाळेची गाडी तिकडून यायची. भाचीला त्यात फार रस नव्हता. ती आतल्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, माझं टेबल इथे बसतंय!"

मी नळ सोडले, पाणी चांगलं होतं. भिंतीला तडा नव्हता. खोल्या मोजल्या, कागदावर लिहिल्याप्रमाणे भरल्या. खाली उतरून वॉचमनच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "पाण्याचं काय टेन्शन नाय भाऊ, दोन बोअर हायेत." एकच गोष्ट राहिली होती. इमारतीला महापालिकेचं कम्प्लिशन, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला, अजून मिळाला नव्हता. बिल्डरच्या माणसाने अर्ज केल्याची पोच दाखवली. "साहेब, फाइल आत गेलीय. दोन-चार महिन्यांत होऊन जाईल. बँकसुद्धा तयार आहे."

बँक खरोखरच तयार होती. पण बहिणीची नोकरी खाजगी, पगार बेताचा आणि शिकवण्यांचं उत्पन्न कागदावर कुठेच नाही. बँकेच्या बाईंनी सांगितलं, कर्ज होईल, पण बरोबर एक सहकर्जदार लागेल. पक्क्या नोकरीचा, घरातला. बहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

मी म्हणालो, "बघू. आधी कागद नीट तपासतो."

त्याच महिन्यात मीही एक घर बघत होतो, हे तिला माहीत नव्हतं. पाथर्डी फाट्याला एक नवी इमारत उभी राहत होती आणि आमच्या कार्यालयातल्या दोघांनी तिथे फ्लॅट घेतले होते. रस्ता रुंद होणार, तिकडे सगळं वाढणार, अशी रोज जेवणाच्या सुट्टीत चर्चा. इतक्या लोकांना घरं घेऊन दिली, आता आपणही एक गुंतवणुकीचं घर घ्यावं, असं माझ्या मनाने घेतलं. माझ्या बँकेत चौकशी केली तेव्हा तिथल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "दुसऱ्या कुणाच्या कर्जावर तुमचं नाव चढलं तर तुमची पात्रता तेवढी कमी होईल. मग हे कर्ज बसणार नाही. काय ते ठरवा."

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग ताईंना तसं सांगा ना."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढचा रविवार उजाडला. बहीण आली, पोहे खाल्ले, वही उघडली. त्या घराच्या पानावर तिने पेन्सिलने छोटा नकाशा काढला होता. पलंग कुठे, कपाट कुठे, बुद्धमूर्ती कुठल्या कोनाड्यात. मी तिला म्हणालो, "ते घर नको."

"का?"

एवढ्या वर्षभरात तिने पहिल्यांदा कारण विचारलं होतं.

"कम्प्लिशन नाही त्याला. उद्या फाइल अडकली तर वर्षानुवर्षं अडकते. पाण्याचं कनेक्शन अडकतं, विकायचं म्हटलं तर विकता येत नाही. तू एकटी आहेस, लेक लहान आहे. तुला असली जोखीम झेपणार नाही."

एकूण एक शब्द खरा होता. असंच मी कुणालाही सांगितलं असतं. पण यावर साधा उपाय होता आणि तो मला ठाऊक होता. कम्प्लिशन हातात आल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा आणि तेव्हाच ताबा घ्यायचा, ही अट साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, घालायची. अशी अट मी त्याआधी कार्यालयातल्या तिघांच्या साठेखतात घालून दिली होती. तिघांचीही घरं सुरळीत झाली होती. बहिणीला मात्र मी तो उपाय सांगितला नाही.

तिने त्या पेन्सिलच्या नकाशावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर नको." तिने वही मिटली. भाची म्हणाली, "मामा, पण माझं टेबल?" त्यावर बहीणच तिला म्हणाली, "दुसरं बघू गं, याच्यापेक्षा छान."

दोन महिन्यांनी मी पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं साठेखत केलं. त्या इमारतीलाही कम्प्लिशन नव्हतं. मी मनाशी म्हणायचो, माझी गोष्ट वेगळी, मला राहायला जायचं नाहीये, मी थांबू शकतो. बहिणीला मी घर घेतल्याचं सांगितलं, पण उडत उडत, फोनवर. ती म्हणाली, "वा, दादा! पेढे कधी?" तिच्या आवाजात खोट नव्हती, तेच मला जास्त लागलं.

जेल रोडचं ते घर रेल्वेत नोकरीला असलेल्या एका कुटुंबाने घेतलं. पाच महिन्यांत इमारतीला कम्प्लिशन मिळालं. कामाच्या ओघात त्या दाखल्याची प्रत माझ्या टेबलावर आली, तेव्हा मला ते कळलं. मी तो कागद पुन्हा फाइलमध्ये ठेवला आणि चहाला गेलो.

त्यानंतरही आम्ही रविवारी घरं बघत होतो, पण दोघांचाही जीव त्यात राहिला नव्हता. भाव चढत गेले. आधी ज्या रकमेत वन बीएचके येत होता, त्यात आता एक खोली आणि स्वयंपाकघर येऊ लागलं. बहिणीने आणखी दोनदा भाड्याचं घर बदललं. दुसऱ्या वेळी सामान हलवायला मी गेलो होतो. भाचीने स्वतःच्या पुस्तकांचे खोके स्वतः बांधले, त्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं आणि सफाईने टेम्पोत लावले. अकरा वर्षांची मुलगी, पण एखाद्या मोठ्या बाईसारखी टेम्पोवाल्याला सांगत होती, "काका, हा वर ठेवा, आत काच आहे." मला तिच्याकडे बघवेना.

आणि पाथर्डी फाट्याचा फ्लॅट? त्या इमारतीसमोर संध्याकाळी सातला उभं राहायला मी स्वतः कधी गेलोच नव्हतो. तिकडे एकाच वेळी इतक्या इमारती उभ्या राहिल्या की भाडेकरूंना निवडायला भरपूर जागा झाली. दोन कॉलेजची मुलं आली, सहा महिने राहिली, गेली. मग बरेच महिने कुलूप. मी महिन्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडायचो, कबुतरांची घाण झाडायचो आणि परत यायचो.

खरी गोष्ट बहिणीला कळली ती माझ्या बायकोकडून, आणि त्यात बायकोची काही चूक नव्हती. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोघी हॉलमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. मी तिथेच पेपर वाचत होतो. घरभाड्याचा विषय निघाला आणि बायको म्हणाली, "तेव्हा यांचं कर्ज मध्ये आलं, नाहीतर तुमचं ते घर झालं असतं हो ताई. बँकेनेच सांगितलं ना यांना, दोन ठिकाणी सही चालणार नाही म्हणून."

बहिणीचे हात थांबले. "असं होतं का?" तिने विचारलं, माझ्याकडे न बघता.

बायको एकदम माझ्याकडे बघायला लागली. "अहो, तुम्ही सांगितलं होतं ना ताईंना?"

मी पेपर खाली ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. "कम्प्लिशन पण नव्हतं," एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

बहिणीने उरलेली जुडी निवडून संपवली. काड्या कागदात गुंडाळल्या, डब्यात टाकल्या, हात धुतले. मग लेकीला हाक मारून म्हणाली, "चल, उशीर होतोय." मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेलो. भाची पुढे खाली उतरली होती. बहीण दोन पायऱ्या उतरून थांबली आणि वर बघून म्हणाली, "दादा, सही नाही करत म्हणाला असतास तरी चाललं असतं. मला राग आला नसता. मी आमच्या मुख्याध्यापक बाईंना विचारलं असतं, दुसऱ्या बँकेत गेले असते, काहीतरी केलं असतं. पण तू घरच वाईट आहे म्हणालास. मग मी त्या घरासाठी वाट शोधायचंच थांबवलं."

एवढं बोलून ती गेली. भांडण झालं नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी आठ दिवस नुसता घुसमटत होतो. मग तिच्या घरी गेलो आणि पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटची किल्ली तिच्यासमोर ठेवली. म्हणालो, "तिथे राहा. भाडं वगैरे काही नाही. हवी तितकी वर्षं राहा."

तिने किल्ली माझ्याकडे सरकवली. "शाळा इकडे, लेकीचे क्लास इकडे. आणि दादा, तुझ्या घरात मी पाहुणी म्हणून चार दिवस येईन. उपकारात नाही राहायची."

"उपकार कसला त्यात? माझं चुकलंय म्हणून तर देतोय."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "तुला बरं वाटावं म्हणून मी घर बदलू का?"

तिने चहा केला. आम्ही तो प्यायलो. भाचीच्या परीक्षेबद्दल बोललो. किल्ली खिशात टाकून मी परत आलो.

त्यानंतर दोन वर्षांनी तिने घर घेतलं. शिकवण्यांचं उत्पन्न तिने मधल्या काळात प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायला सुरुवात केली होती, त्यामुळे तिला एकटीच्या नावावर कर्ज मिळालं. सामनगावच्या रस्त्याला, शाळेपासून बरंच लांब, एक खोली आणि स्वयंपाकघर. मला हे कळलं ते भाचीच्या फोनवरून. "मामा, रविवारी आमच्या नव्या घरी बुद्धवंदना आहे. भंतेजी दहाला येणार आहेत. तू आणि मामी लवकर या."

तिने मला घर बघायला नेलं नव्हतं. कागद दाखवले नव्हते.

त्या दिवशी मी नवीन शर्ट घालून गेलो. घर पाहुण्यांनी भरलं होतं, सगळ्या शाळेतल्या बाया आणि शिकवणीच्या मुलांचे आईबाप. पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली ओल दिसत होती. न्हाणीघराचा उतार उलटा होता, पाणी दाराकडे येत होतं. दोन्ही गोष्टी मला आत शिरल्या शिरल्या दिसल्या आणि मी तोंड बंद ठेवलं. त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटली गेली. गर्दी ओसरल्यावर बहीण माझ्याजवळ येऊन बसली.

"ओल बघितलीस ना?" तिने विचारलं.

"हो."

"मला माहीत होती. त्याच्यावर घासाघीस करूनच घेतलं. पावसाळ्याआधी बाहेरून प्लॅस्टर करून घेणार आहे. आणि कम्प्लिशन आहे याला." ती हे टोमणा मारल्यासारखं बोलली नाही. घर घेतलेलं कुणीही जसं सांगेल, तसं म्हणाली.

"चांगलं घर आहे," मी म्हणालो.

"लहान आहे," ती म्हणाली. "पण आता खोके भरायचे नाहीत."

पाथर्डी फाट्याचा फ्लॅट मी गेल्या वर्षी विकून टाकला. नफा-तोट्याबद्दल लोक विचारतात, मी विषय बदलतो. अजूनही लोक माझ्या टेबलाशी येतात, अजूनही मी टेप घेऊन त्यांच्याबरोबर जातो. मात्र कुणी बहिणीसाठी, मेहुण्यासाठी, पुतण्यासाठी घर बघायला आलं असेल तर त्याला आधी बाजूला घेऊन विचारतो, तुम्ही कर्जावर सही करणार आहात की नाही, ते त्यांना सांगितलंत का? बहुतेक जण हसतात. त्यांना वाटतं, माणूस कागदांत राहून राहून चक्रम झाला.

बहिणीकडे मी जातो. वर्षातून चार-पाच वेळा. ती प्रेमाने करते, वाढते, जुन्या आठवणी काढते, कधीमधी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांवरून रागावते. पूर्वी ती जिथे जिथे भाड्याने राहिली, त्या प्रत्येक घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. लेक शाळेतून लवकर आली, गॅस चालू राहिल्यासारखा वाटला, की तिचा मला फोन यायचा आणि मी स्कूटर काढून जायचो. मागच्या महिन्यात मी न सांगता गेलो तर दाराला कुलूप होतं. मी फोन केला. ती म्हणाली, "अरे, शाळेत मीटिंग आहे, तासभर लागेल. शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे, त्यांच्याकडून घे आणि आत बस."

काकूंनी दार उघडून मला नीट न्याहाळलं. "तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मी तिचा भाऊ," मी म्हणालो.

"थांबा हं, जरा तिला फोन करून विचारते," असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं, आणि मी बाहेर पॅसेजमध्ये उभा राहिलो.